जनरल मोटर्स यांस, डेट्रॉइट मुक्कामी

श्रीयुत जनरल मोटर्स कंपनी यांस,
मु. पो. डेट्रॉइट, तालुका वेन, राज्य मिशिगन

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, जुलै २०२४ मध्ये आपण अमेरिकेच्या सरकारला १४ कोटी ५८ लाख डॉलर दंड भरलात, त्याबद्दल आपलं अभिनंदन करायचं राहून गेलं. कुणाच्या घरी काही घडलं की आमच्याकडे चार माणसं भेटून येतात. आपल्या बाबतीत बातमी आली, दोन दिवसांत गेली, कुणी चहालाही फिरकलं नाही. आपणही त्याचा गवगवा केला नाहीत. म्हणून उशिरा का होईना, हे चार शब्द.

प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पत्र खुलं आहे, शेजारीपाजारी वाचणारच. २०१२ ते २०१८ या वर्षांच्या मॉडेलांपैकी आपल्या सुमारे ५९ लाख गाड्या, बहुतेक सगळ्या दांडग्या पिकअप आणि एसयूव्ही, विकून झाल्या आणि त्यांतल्या काही प्रत्यक्ष वापरात असताना तपासल्या गेल्या. तेव्हा असं दिसलं की, मंजुरी घेताना कबूल केला होता त्याहून सरासरी दहा टक्क्यांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड त्या सोडतात. हा वायू काही सायलेन्सरच्या नळीत आपोआप तयार होत नाही. जितकं पेट्रोल जळतं त्या प्रमाणातच तो बाहेर पडतो. म्हणजे धुराचा हिशेब चुकला की पेट्रोलचाही चुकलाच. आपण दंड भरलात, सुमारे पाच कोटी टनांची प्रदूषण-क्रेडिट सोडून दिलीत, आणि त्याच दमात सांगितलंत की आम्ही सगळे नियम सदैव पाळत आलो आहोत. पटलं आम्हाला. नियम आपण पाळलेत, गाड्यांनी पाळले नाहीत. गाड्यांना कोण बोलणार? त्या बिचाऱ्या अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांचं पेट्रोल ज्यांच्या खिशातून जातं तेही त्यात बसलेले आहेत.

हे आकडे ठरतात कसे, याचं मला फार कौतुक आहे. गाडी रोलरवर चढवायची, ठरावीक तालावर ठरावीक मिनिटं पळवायची, धूर पिशवीत धरायचा आणि त्यावरून इंधन काढायचं. अमेरिकेत ही चाचणी बहुतांशी कंपनीच आपल्या प्रयोगशाळेत करते, आकडा कंपनीच कळवते आणि सरकार त्यातल्या काहींची फेरतपासणी करतं. आमच्या पुण्यात या कामाची संस्था एका टेकडीच्या अंगावर आहे. सकाळी फिरायला जाणारे लोक त्या टेकडीलाच ‘एआरएआय’ म्हणतात. तिथल्या ठरलेल्या चक्रात वेग ताशी ९० च्या वर जात नाही, सगळा खेळ वीस मिनिटांच्या आत आटोपतो, एसी बंद असतो आणि मधेच आडवी घुसणारी रिक्षा नसते. त्यातून जो आकडा निघतो तो दोन दशांश स्थळांपर्यंत जाहिरातीत छापतात. आमचा माणूस तो वाचतो, मनातल्या मनात चार-पाच वजा करतो आणि बिल्डिंगमधल्या कुणाला तरी गाठून विचारतो, “खरं ॲव्हरेज किती देते हो?” ही वजाबाकी आमच्या रक्तात आहे. तुमच्या अमेरिकन गिऱ्हाइकाला ती येत नाही. काचेवर चिकटवलेला सरकारी कागद खरा असतो, अशी त्याची भाबडी समजूत आहे.

ती समजूत आपण २०१६ साली प्रेमाने दुरुस्त केलीत. शेव्हरोले ट्रॅव्हर्स, जीएमसी अकेडिया आणि ब्यूइक एन्क्लेव्ह या तीन थोराड गाड्यांच्या त्या वर्षीच्या कागदांवर इंधनाचा आकडा गॅलनमागे एक-दोन मैलांनी फुगलेला निघाला. पुढच्या वर्षीचे कागद तयार करताना आपल्याच लोकांच्या ते लक्षात आलं. कारण काय, तर नजरचूक. नवीन भाग बसवले होते, त्यांची आकडेमोड करायची राहून गेली. गॅलनमागे १९ मैल लिहिले होते, निघाले १८; आमच्या भाषेत लिटरमागे आठचे साडेसात-पावणेआठ. (आठचं ॲव्हरेज ऐकून आमच्याकडच्या वाचकाला जो ठसका लागला असेल, त्याला आधी पाणी द्या.) विक्री थांबली, आणि सुमारे १ लाख ३५ हजार गिऱ्हाइकांना साडेचारशे ते दीड हजार डॉलरची कार्डं किंवा वाढीव वॉरंटी मिळाली. हे आपण केलंत, याचं श्रेय देतो. माझी शंका एवढीच आहे की नजरचूक व्हायचीच, तर ती कधी उलट दिशेने का होत नाही? एखाद्या वर्षी चुकून दोन मैल कमी छापले गेले आणि गिऱ्हाईक सुखद धक्क्याने खुर्चीवर बसलं, असं आपल्या कागदांच्या बाबतीत माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता आमच्या घरच्या गोष्टीकडे येतो. टवेरा आठवते का? आपण विसरला असाल. आम्हाला विसरणं शक्य नाही. जपानी इसुझूच्या सांगाड्यावर बेतलेली ही गाडी २००४ साली आपण शेव्हरोलेचा बो-टाय लावून आमच्याकडे आणलीत आणि महाराष्ट्राने तिला घरात घेतलं. शिर्डी, अक्कलकोट, गाणगापूर, अष्टविनायक, नवरदेवाकडची मंडळी, हिंजवडीची रात्रपाळी, तालुक्याच्या स्टँडबाहेर “एक सीट, एक सीट” करत उभं राहिलेलं वडाप, सगळीकडे टवेरा. पुढे तिघं, मधे चार, मागे समोरासमोर आणखी चार, टपावर ताडपत्रीखाली बॅगा. तिची तक्रार नव्हती, आमचीही नव्हती.

जुलै २०१३ मध्ये आपण १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्यात. २००५ पासून बनवलेल्या. तेव्हा आमच्या देशात गाडी परत बोलवायची सक्ती करणारा कायदासुद्धा नव्हता, तो २०१९ मध्ये आला. त्यामुळे पहिल्यांदा वाटलं, काय सज्जन कंपनी आहे! मग आतली गोष्ट बाहेर आली. सरकारी तपासणीची वेळ आली की कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं, जी आधीच बाजूला काढून ठेवलेली असत, ती तपासणीच्या गाड्यांत बसवली जात. वजनाची नोंदसुद्धा सोयीने केली जाई, कारण वजनाच्या गटावर धुराची मर्यादा ठरते. हे आपणच सरकारला कळवलंत. सरकारने नेमलेल्या समितीनेही याला फसवणूकच म्हटलं. आपण काही कर्मचाऱ्यांना घरी पाठवलंत. काढलेले लोक अर्थातच स्वतःच्या मर्जीने हे करत असणार. कारखान्यात कुणीतरी वर्षानुवर्षं इंजिनं लपवून ठेवतो आणि वरच्या मजल्यावर कुणाला पत्ता नसतो, हे मोठ्या संसारात चालायचंच.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, जगाने फोक्सवॅगनची डिझेल-लबाडी पाहिली आणि तोंडात बोट घातलं. त्यांनी तपासणी ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. मला तेव्हा आपलीच बाजू घ्यावीशी वाटली. त्यांचं ते यंत्रमागाचं काम. आपल्याकडे सगळं हातमागावर होतं. इंजिन निवडा, उचला, बसवा, तपासून घ्या, पुन्हा काढा. किती माणसांच्या हाताला काम! तरीही इतिहासात नाव त्यांचं झालं आणि टवेरा मात्र व्यापारी पानावरच्या दोन कॉलमांत संपली. कुठे अमेरिकेतला खटला आणि कुठे आमचं वडाप.

एका प्रकरणावर मात्र मला गंमत करता येत नाही, ते तसंच लिहितो. आपल्या कोबाल्ट या गाडीत आणि तिच्या भावंडांत चावीचं कुलूप सैल होतं. किल्लीच्या जुडग्याचं वजन किंवा गुडघ्याचा धक्का पुरे. धावती गाडी बंद पडायची, आणि मग अपघातात एअरबॅग उघडायची नाही. आपल्या इंजिनियरांना हे जवळपास दहा वर्षं माहीत होतं. २००६ साली तो भाग सुधारून मजबूत करण्यात आला, पण त्याचा पार्ट नंबर बदलला नाही. जुना आणि नवा भाग कागदावर एकच. त्यामुळे पुढे कितीतरी काळ तपास करणाऱ्यांना कळेना की काही गाड्या बंद पडतात आणि काही का पडत नाहीत. २०१४ मध्ये २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. आपण स्वतः उभारलेल्या नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले. २०१५ मध्ये ९० कोटी डॉलर भरून फौजदारी प्रकरण मिटलं.

यानंतर कुणालाही वाटेल की मोजमाप हा या कंपनीचा प्रांत नव्हे. बिचारीला इंधन मोजता येत नाही, धूर मोजता येत नाही, सुट्या भागाला नंबर द्यायचं राहून जातं. पण हा आपल्यावर अन्याय होईल, कारण मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं की आपण किती बारकाईने मोजू शकता. आपल्या ‘ऑनस्टार स्मार्ट ड्रायव्हर’ नावाच्या सोयीतून गाडी चालवणाऱ्याची माहिती विमा कंपन्यांना अहवाल पुरवणाऱ्या दलालांकडे, लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क यांच्याकडे, जात होती. सिएटलजवळच्या एका शेव्हरोले बोल्टवाल्याचा विमा अचानक २१ टक्क्यांनी वाढला. त्याने विचारपूस केली तर त्याच्या हातात २५८ पानांचा अहवाल पडला. सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या: कधी निघाले, कधी पोचले, किती अंतर, कितीदा कचकन ब्रेक मारला, कितीदा वेग वाढवला. नवरा-बायको दोघांच्याही. त्या माणसाच्या चुकीने आयुष्यात कधी अपघात झालेला नव्हता.

२५८ पानं! टवेराच्या इंजिनाबद्दल आपण सरकारला एवढं लिहिलं असतंत तर? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पुढे असंही सांगितलं की गाडीचं ठिकाण काही वेळा दर तीन सेकंदांनी टिपलं जात होतं. तीन सेकंद. ५९ लाख गाड्यांचा धूर सात वर्षं दहा टक्क्यांनी जास्त जात होता, तो आपल्या नजरेतून सुटला; पण किराणा आणायला निघालेल्या एखाद्या बाईने कुत्रं आडवं आलं म्हणून ब्रेक दाबला, तर त्याची वेळ आपल्याकडे सेकंदासकट नोंदलेली. बातमी छापून आल्यावर काही दिवसांतच आपण हे बंद केलंत, आणि जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने अशा दलालांना ही माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी ठरवली. टेक्सासच्या सरकारने वेगळा दावा लावला. आपलं म्हणणं असं की लोकांनी संमती दिली होती. दिलीच असणार. शोरूममध्ये किल्ली हातात पडायच्या आधी कुठल्याशा पडद्यावर ‘मान्य’ असं दाबायला कोण नाही म्हणतं? पेढ्यांचा पुडा उघडलेला असतो, पोरं मागच्या सीटवर चढलेली असतात.

पडद्यावरून आठवलं. २०२३ मध्ये आपण जाहीर केलंत की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत ॲपलचं कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो नसेल. म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन गाडीच्या पडद्यावर दिसायचा, त्याचा नकाशा, त्याची गाणी, ते बंद. आता गूगलच्या मदतीने आपणच केलेलं सगळं वापरायचं. आपल्या एका अधिकाऱ्याने कारण असं दिलं की फोनची जोडणी तुटते, लोक फोन हातात घेतात, ते धोक्याचं. किती ही काळजी! या नव्या व्यवस्थेची पहिली मोठी गाडी, ब्लेझर ईव्ही, रस्त्यावर आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सॉफ्टवेअरच्या बिघाडांमुळे आपल्याला तिची विक्रीच थांबवावी लागली. मार्चमध्ये ती किंमत कमी करून परत आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या प्रमुख मेरी बारा यांनी सांगितलं की पुढे पेट्रोलच्या गाड्यांतूनही हे काढणार. हट्ट असावा तर असा.

कुजबुज करणारे म्हणतात की यात सुरक्षेपेक्षा हिशेब जास्त आहे. २०२१ मध्ये आपण गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की दशकाच्या शेवटी सॉफ्टवेअर आणि सेवांमधून वर्षाला २० ते २५ अब्ज डॉलर येतील. फोन पडद्यावर असला तर गिऱ्हाइकाचा संबंध ॲपलशी. फोन गेला की तो आपल्याशी, महिन्याच्या महिन्याला. गाडी विकून झाल्यावरही ती थोडी आपलीच राहावी, ही आपली जुनी हौस. नव्वदच्या दशकात ईव्ही-१ ही विजेची गाडी काढलीत तेव्हा ती विकली नाहीतच, फक्त भाड्याने दिलीत. मग एक दिवस परत मागितलीत आणि लोक रडत असताना बहुतेक चिरडून टाकलीत. तेव्हा ट्रक पाठवून गाडी उचलून न्यावी लागत होती.

पुढचा मुद्दा वैयक्तिक नाही, मावळातला आहे. २००८ मध्ये तळेगाव दाभाड्याला आपला कारखाना उघडला. आजूबाजूच्या गावांतली पोरं आयटीआय करून तिथे लागली, कर्ज काढून घरं बांधली, आपल्या कंपनीचं नाव सोयरिकीत सांगितलं: “मुलगा जीएमला आहे.” जुलै २०१५ मध्ये आपण भारतात एक अब्ज डॉलर गुंतवायची घोषणा केलीत, पाच नवी मॉडेलं येणार म्हणालात. २०१६ च्या ऑटो एक्स्पोत ‘एसेन्शिया’ नावाची गाडी फिरत्या चौथऱ्यावर मांडलीत. मे २०१७ मध्ये सांगितलंत की वर्षअखेर भारतात विक्री बंद. बाजारातला हिस्सा एक टक्क्याखाली घसरला होता, हे मान्य. पण त्या अब्जाचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात आपल्या गाड्यांचा भाव बसला. तळेगावात मात्र काम चालू राहिलं: बीट ही गाडी इथे बनायची आणि मेक्सिकोला जायची. इथल्या माणसाला ती विकायची नाही, इथल्या माणसाकडून ती बनवून घ्यायची. तेही डिसेंबर २०२० मध्ये संपलं. कारखाना एका चिनी कंपनीला द्यायचा सौदा झाला, तो सरकारी परवानगीत अडकून २०२२ मध्ये बारगळला, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. या मधल्या काळात हजारावर कामगारांना घरी बसवण्यात आलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, आंदोलनं झाली. इमारत, जमीन, यंत्रं सगळ्यांना नवा मालक मिळाला. माणसांची नोंद त्या यादीत नव्हती. पुन्हा मोजायचं राहून गेलं असेल.

जाण्याची आपल्याला सवयही आहे. १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला आपण गाड्या जोडायला सुरुवात केलीत, या देशात पहिल्यांदा. अमेरिकेतून पेट्यांत सुटे भाग यायचे आणि शिवडीत शेव्हरोले उभी राहायची. पन्नाशीच्या दशकात सरकार म्हणालं, नुसतं जोडणं पुरे, आता इथे बनवा. १९५४ मध्ये आपण गाशा गुंडाळलात. चाळीसेक वर्षांनी ओपेल ॲस्ट्रा घेऊन गुजरातेतल्या हालोलला परत आलात, आणि २०१७ मध्ये पुन्हा गेलात.

तेव्हा तिसऱ्या फेरीचा विचार असेल तर काही किरकोळ गोष्टी सोबत आणाव्यात. तपासणीला जी गाडी पाठवाल तीच आम्हाला विकावी. ॲव्हरेजचा आकडा एसी लावून, चार माणसं बसवून, खंबाटकीचा घाट चढून मग छापावा. दशांश नाही छापलात तरी चालेल. आवाज कमी-जास्त करायला एक गोल बटण असू द्यावं, जे हातमोजा घालून किंवा डोळे रस्त्यावर ठेवून फिरवता येतं. आमचा फोन आमच्याच पडद्यावर दिसू द्यावा. आणि शोरूम उघडण्याआधी तळेगावात उतरून जुन्या कामगारांची उरलीसुरली प्रकरणं मिटवावीत. पत्ता सापडायला आपल्याला अडचण येऊ नये.

कळावे,
आपला,
टवेराच्या मागच्या बाकावरचा एक प्रवासी

ता. क. २०२२ मध्ये आपण अमेरिकेत ब्यूइक, जीएमसी आणि कॅडिलॅक एस्कलेडच्या गिऱ्हाइकांना तीन वर्षांची ऑनस्टार सेवा दीड हजार डॉलरला ‘ऑप्शन’ म्हणून दिलीत, आणि तो ऑप्शन नको म्हणायची सोय ठेवली नाहीत. त्याच अर्थाने, या पत्राला उत्तर देणं ऐच्छिक आहे.